तीर्थावर आलेला आळ

आजवर माझ्यातून हजारो माणसं बोलली, मी मात्र कधी तोंड उघडलं नाही. आमच्या धंद्यात निरोप्यानं मध्ये बोलायचं नसतं. पण आज मला राहवत नाहीये, म्हणून बोलतोय. मी एक नेटवर्क कार्ड आहे. पंज्याएवढी हिरवी पाटी, तिच्यावर चंदेरी रेघा, एका टोकाला केबल खोचायचं तोंड आणि तोंडाशेजारी दोन बारीक दिवे. कॉम्प्युटरच्या पाठीत मला बसवतात. मी जागेवर आहे तोवर माझी आठवण कुणालाच येत नाही, आणि नेट गेलं की सगळे माझ्याकडे चोर असल्यासारखे बघतात.

माझा जन्म पेनांगच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या अंगावर एकेक तुकडा चिकटवला आणि शेवटी दिवे लागतात का ते पाहून मला डब्यात भरलं. तिथून बोटीनं मी बालीत आलो, देनपसारच्या एका नेट कॅफेत.

काय दिवस होते ते. शाळा सुटली की पोरं दप्तरं खांद्यावरून न उतरवताच खुर्च्यांवर आदळायची आणि लढाईचे खेळ सुरू व्हायचे. हरलं की दोष माझा, जिंकलं की कर्तृत्व त्यांचं. माझ्यातून शिव्या गेल्या, प्रेमपत्रं गेली, परदेशी हॉटेलांतल्या नोकरीचे अर्ज गेले. एक पोरगी एकाच वेळी तिघांना "तुझ्याशिवाय जमत नाही" लिहायची. मी तिन्ही निरोप पोचवले, ब्रसुद्धा काढला नाही.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि कॅफेला कुलूप लागलं. मी जुन्या सामानाच्या एका दुकानात, तुटक्या चार्जरांच्या टोपलीत जाऊन पडलो. तिथली माझी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. टोपलीतल्या वस्तूला लोक उचलतात, उलटीपालटी करतात, नाक मुरडतात आणि परत टाकतात. आपण जिवंत आहोत हे सांगायची सोय नसते.

मला त्या टोपलीतून उचललं विरावाननं.

विरावान म्हणजे डोंगरावरच्या एका गावाचा चिटणीस. गावाच्या वस्तीला तिथे बंजार म्हणतात. बंजारचा एक उघडा मंडप असतो, लग्नाकार्यापासून भांडणतंट्यापर्यंत सगळं तिथेच होतं. त्या मंडपाच्या कोपऱ्यातल्या खोलीत गावाचा कॉम्प्युटर. एका दुपारी जवळच वीज पडली आणि कॉम्प्युटरचं स्वतःचं नेटचं तोंड जळालं. भिंतीवरच्या नेटच्या डब्याचं वायफायही गेलं, वायरीचं एकच भोक तेवढं शाबूत राहिलं. म्हणून विरावान माझ्या शोधात आला होता.

दुकानदारानं त्याला बजावलं होतं, "घे, पण हे कार्ड आडगिऱ्हाइकी आहे. याचा ड्रायव्हर आयता मिळत नाही, हातानं घडवून बसवावा लागतो."

ड्रायव्हर म्हणजे माझा दुभाषा. प्रत्येक कॉम्प्युटरात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. पडद्यापासून पंख्यापर्यंत सगळ्यांना कामं वाटून द्यायची ती त्यानं. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची येत नाही. मध्ये दुभाषा असला तर आमचं जमतं, नसला तर मी पाठीत बसलेला एक हिरवा पत्रा. विरावाननं चिकाटीनं तो दुभाषा त्या वेळच्या कारभाऱ्याच्या मापानं घडवला, बसवला, आणि पडद्यावर नेट आलेलं दिसल्यावर खोलीतच एक गिरकी घेतली. नंतर मात्र आपण हे केलं होतं हेच तो साफ विसरला. चालणाऱ्या गोष्टीची आठवण कोण ठेवतं?

त्या गावात मला मान मिळाला. मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या वरच्या पायरीवर, तीही देवाच्या मर्जीनं आणि जेमतेम बोलण्यापुरती. त्यामुळे जहाजांवर नोकरीला गेलेल्या पोरांच्या आया माझ्यासमोर बसून "जेवलास का" विचारायच्या. डुकरांचे भाव, शाळेचे निकाल, अंत्यविधीचे निरोप, सगळं माझ्यातून जायचं.

आणि संध्याकाळी मंडपात बायकांचा वाद्यवृंद बसायचा.

तो उभा केला सेकारिनीनं. ही पन्नाशीची बाई, बाजारात भाताच्या पिठाच्या मिठाया विकणारी, आवाज खणखणीत. गावातली काशाची वाद्यं, ते गोंग, त्या हातोडीनं वाजवायच्या पट्ट्या, पिढ्यान्पिढ्या पुरुषांच्या हातात होत्या. सेकारिनीनं बायका गोळा केल्या आणि पुरुषांच्या तालमी नसतील तेव्हा वाद्यं मागून घेतली. स्वतः एक ढोल घेतला, दुसरा अस्तितीला दिला. अस्तिती शेजारची तरुण मुलगी. हे दोन ढोल एकमेकांत गुंफून वाजतात. एकीचा हात जिथे उठतो तिथे दुसरीचा पडतो, आणि बाकीचा सगळा वृंद त्या दोघींच्या हातांवर चालतो.

पुरुषांच्या वृंदातले जुने गोंगवाले पाक ओका खांबाला टेकून टोमणे मारायचे. "बायकांच्या हाती हातोडी गेली की घरी भात करपतो."

"तुम्ही आधी भात शिजवायला शिका, पाक ओका," सेकारिनी ढोलावरून मान न उचलता म्हणायची. "मग करपला की नाही ते सांगा."

असं तीन वर्षं चाललं. आणि मग जकार्ताच्या एका कलामहोत्सवानं कळवलं की, तुमच्या वृंदाचा विचार करू, पण वादन थेट ऐकू. रेकॉर्डिंग चालणार नाही, कारण आदल्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याचंच वादन पाठवलं होतं. शनिवारी दुपारी चार वाजता कॅमेऱ्यासमोर बसायचं.

तो शनिवार नेमका तुंपेक लांडेपचा. जकार्ताच्या कॅलेंडरात तो साधा शनिवार होता, पण बालीत तो धातूच्या वस्तूंचा सण. त्या दिवशी कट्यारीपासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि हल्ली कॉम्प्युटरचीही. तारीख पुढे ढकला म्हणावं तर सोमवारी अस्तिती जहाजावर निघणार होती, सहा महिन्यांच्या करारावर. महोत्सवाच्या आधी ती परत येणार होती, पण निवडीला ती नसली तर सेकारिनीचा ढोल एकटा पडणार. म्हणजे हाच शनिवार, नाहीतर काहीच नाही.

सकाळी विरावान खोलीत आला तो आनंदानं उड्या मारतच. त्यानं माझ्या पाठीवरची धूळ झटकली, कॉम्प्युटरच्या डब्यावर पिवळं वस्त्र बांधलं आणि मग थबकला. तुंपेक लांडेप म्हणजे धार लावायचा दिवस. सुऱ्याला धार, कोयत्याला धार, मग कॉम्प्युटरला नुसतं फडकं मारून कसं चालेल?

"तुलाही धार लावतो," तो डब्याला म्हणाला, आणि त्यानं अपडेटचं बटण दाबलं.

दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणी सणाचा मान म्हणून कॉम्प्युटरला नवा कर्नल नेसवला असेल असं मला वाटत नाही. विरावाननं नेसवला, आणि मग पूजेसाठी कॉम्प्युटर बंद करून ठेवला.

पुजारी जेरो मंकू आले. पांढरं वस्त्र, सत्तरीचं वय, बोलणं कमी. त्यांनी वाद्यांपुढे आणि डब्यापुढे नारळाच्या पानांच्या परड्या ठेवल्या, धूप लावला, मंत्र म्हटले आणि फुलानं सगळ्यांवर तीर्थ शिंपडलं. गोंगांवर पडलं, ढोलांवर पडलं, आमच्या डब्याच्या झाकणावरही चार थेंब पडले. अक्षतांचे दोन दाणे झाकणाला चिकटले.

जेवणं झाल्यावर विरावाननं कॉम्प्युटर चालू केला.

मी आतून बघत होतो. रोजचा कारभारी आलाच नाही. त्याच्या जागी एक नवा, तरतरीत, कडक इस्त्रीचा. त्यानं सगळ्यांची हजेरी घेतली. पडद्याला ओळखलं, कीबोर्डला ओळखलं, माझ्यापाशी आला आणि कागद चाळल्यासारखं करून पुढे गेला. माझा दुभाषा जुन्या कारभाऱ्याच्या मापाचा, नव्याच्या दारात त्याला प्रवेशच नव्हता. मी ओरडत होतो की अरे, मी आहे, केबल आहे, पलीकडे जग आहे. पण ऐकणार कोण?

पडद्यावर आलं, नेटवर्क नाही.

विरावाननं केबल काढून पुन्हा खोचली. भिंतीवरचा डबा बंद करून चालू केला. केबल बदलली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. अस्तितीनं आपला नवा लॅपटॉप आणला, पण त्या सडपातळ लॅपटॉपांना केबलचं तोंडच नसतं. बाहेर मंडपात बायका हिरवी वस्त्रं नेसून, केसांत चाफा माळून वाद्यांमागे बसल्या होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या की, झालं का?

"काय झालंय?" सेकारिनी खोलीच्या दारात येऊन म्हणाली.

"कळत नाही, म्बोक." थोरल्या बहिणीला, आणि मानानं कुठल्याही वडील बाईला, तिथे म्बोक म्हणतात. "सकाळी तर ठणठणीत होता."

पाक ओकांनी मान आत घातली आणि आवाज खाली आणला. "सकाळी ठणठणीत होता. मधे काय झालं, ते मी बोलणार नाही."

"बोला की."

"मी कशाला बोलू? तुम्हीच बघा झाकणावर काय पडलंय ते."

सगळ्यांची नजर त्या चार थेंबांच्या डागांवर गेली. पण जेरो मंकू तीन हातांवर मंडपात कॉफी घेत बसले होते. तीर्थानं यंत्र बिघडलं असं तोंडातून काढायची कुणाची छाती होत नव्हती. मग सुरू झाला एक मूक कारभार. कुणीतरी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं. कुणीतरी तांदळाचं पोतं आणलं, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून. दोघांनी डबा उचलून उन्हाकडे पाठ करून ठेवला. आणि प्रत्येक जण जेरोंकडे बघून उगाच हसत होता.

मला हसावं की रडावं ते कळेना. मी आत कोरडा ठणठणीत, आणि हे लोक मला वाळवतायत.

जेरोंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "माझ्या तीर्थानं गेलंय का ते? स्पष्ट सांगा."

जो तो तांदळाच्या पोत्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. ते उठले आणि मंडपाच्या पार टोकाला, वाद्यांपासून लांब जाऊन बसले. माझ्या मनाला ते फार लागलं. ज्या माणसानं आमच्यासाठी मंत्र म्हटले, त्याच्यावर आळ, आणि ज्याला खरं माहीत होतं त्याला वाचा नाही.

तेवढ्यात देवळाच्या पायरीवरून अस्तिती ओरडली. तिथे रेंज पकडून ती जकार्ताच्या लोकांशी फोनवर बोलत होती. "आपली वेळ झाली म्हणतायत."

"थांबवून धर त्यांना," सेकारिनी ओरडली. "काहीही सांग."

जरा वेळानं पुन्हा आवाज आला. "आपल्याला शेवटी टाकलंय. शेवटचा वृंद वाजवून झाला आणि आपण दिसलो नाही, तर नाव कापणार."

मंडपात एकीनं डोळ्यांना बोट लावलं. सेकारिनी तिच्यावर खेकसली, "काजळ पुसू नकोस, अजून वाजवायचंय." मग ती पुन्हा खोलीत येऊन विरावानच्या मागे उभी राहिली.

विरावाननं पेचकस घेतला आणि झाकण उघडलं. आत बोट फिरवलं. कोरडं. पुन्हा फिरवलं, नाकाजवळ नेलं, मग वाकून माझ्या पाठीकडे बघितलं. माझे दोन्ही दिवे लागलेले होते. एक स्थिर, दुसरा लुकलुकणारा. दुभाषा नसला तरी केबलमधून येणारी हाक मला ऐकू येत होती, आणि मी जीव तोडून लुकलुकत होतो.

"म्बोक," तो हळूच म्हणाला. "पाणी गेलंच नाही आत. आणि हे जिवंत आहे. मग..."

"मग तू काय केलंस?" सेकारिनीनं विचारलं.

"मी? मी काय करणार?"

"सकाळपासून काय काय केलंस ते सांग. एक गोष्ट गाळू नकोस."

"झाडलं. पुसलं. वस्त्र बांधलं." तो बोटांवर मोजत होता. "अपडेट केलं. परड्या मांडल्या..."

"मागचं सांग. काय केलं?"

"अपडेट. ते असंच. धार लावायचा दिवस, म्हणून नवा कर्नल घातला."

"म्हणजे नवा माणूस आणून बसवलास आत?"

"तसंच काहीसं."

"आज? चार वाजता जकार्ताला तोंड दाखवायचंय, त्या दिवशी?"

दुकानदार, टोपली, हातानं घडवलेला दुभाषा, सगळं विरावानला एकदम आठवलं असावं, कारण त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "ड्रायव्हर. नव्याला ड्रायव्हरच नाहीये. तो नव्यासाठी पुन्हा घडवायला हवा. आणि घडवायचं सामान नेटवरून आणावं लागतं."

"नेट आणायला नेट पाहिजे," पाक ओका म्हणाले. "वा."

"मग जुना कुठे टाकलास?" सेकारिनी म्हणाली. ती चिडून बोलत होती, उपाय सांगत नव्हती. "गोंग नवा आणला तरी जुना आपण लगेच वितळवतो का?"

"टाकलाय कुठे, म्बोक, जुना कर्नल तिथेच असतो, फक्त..." आणि विरावान अर्ध्या वाक्यात थांबला.

मग त्यानं जे केलं त्याला मी पळणं म्हणतो, जरी खोली चार पावलांची होती. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला आणि कीबोर्डचं एक बटण असं दाबून धरलं की बोट पांढरं पडलं. पडद्यावर कारभाऱ्यांची नावं आली. वर नवा, खाली जुना. त्यानं खालचा निवडला.

अंधार. मग पंख्याचा आवाज. मग तो आला, माझा जुना कारभारी, ढिल्या सदऱ्याचा. त्याच्यामागे माझा दुभाषा धावत आला. हजेरी घेत घेत तो माझ्यापाशी पोचला आणि थांबला. अरे, तू होय, म्हणाला. बस एवढंच. माझ्या अंगातून वीज सळसळत गेली. केबलमध्ये साचलेलं सगळं जग माझ्यावर आदळलं, आणि मी ते दोन्ही हातांनी, म्हणजे दोन्ही दिव्यांनी, आत घ्यायला लागलो.

"आलं," विरावान म्हणाला. मग तो जोरात ओरडला, "आलं, म्बोक, आलं."

अस्तिती पायऱ्या उतरत, वस्त्र गुडघ्यापर्यंत धरून, पळत आली आणि ढोलामागे धपकन बसली. विरावान मात्र मंडपाच्या टोकाकडे धावला आणि जेरोंच्या पायांशी वाकला. "चूक माझी होती, जेरो. तीर्थाची नाही."

"आधी यंत्र बघ," जेरो म्हणाले. "पाया नंतर पड." पण ते उठले, आणि चालत चालत पुन्हा वाद्यांजवळ येऊन बसले. त्यांच्यासाठी पाक ओकांनी स्वतः जागा केली आणि नवी कॉफी मागवली.

पडद्यावर जकार्ताचे तीन परीक्षक दिसले. त्यातला एक घड्याळ बघत होता. सेकारिनीनं अस्तितीकडे बघितलं, अस्तितीनं हात उचलला, आणि मग जे सुरू झालं ते मी कसं सांगू? काशाचा तो लोंढा माझ्यातून धावत सुटला. मी एवढा तापलो होतो की मला वितळेन असं वाटलं. पण एक ठोका सांडू दिला नाही मी. घड्याळ बघणाऱ्या परीक्षकानं मनगट खाली केलं, ते शेवटपर्यंत पुन्हा वर आलं नाही.

निवड झाली. अस्तिती सोमवारी जहाजावर गेली, आणि निकालाची बातमी तिला माझ्यातूनच गेली.

पुढे विरावाननं नव्या कारभाऱ्यासाठी माझा दुभाषा पुन्हा घडवून बघितला, पण जमेना. मला बनवणारा कारखाना कधीच बंद झाला होता, आणि माझ्यासाठी आता कुणी काही लिहीत नव्हतं. जुन्या कारभाऱ्यावर कायम राहणंही बरं नव्हतं, त्याच्या दारांच्या कड्या खिळखिळ्या झाल्या होत्या, नेटवरचा कुठलाही चोर आत शिरला असता. मग एक नवं कार्ड आलं, ज्याला सगळे कारभारी ओळखतात. विरावाननं मला काढलं तेव्हा तो बराच वेळ मला हातात घेऊन उभा होता. मला वाटलं, आता पुन्हा टोपली.

पण त्यानं मला टोपलीत टाकलं नाही. आज पुन्हा तुंपेक लांडेप आहे, आणि मी पूजेच्या तबकात आहे, कट्यार आणि कोयत्याच्या मधोमध. मघाशी जेरो मंकूंनी माझ्यावर तीर्थ शिंपडलं, डब्यावर नव्हे, थेट माझ्या अंगावर. आता माझ्यात वीज नाही, त्यामुळे भीतीही नाही. फार गार वाटलं.

जाता जाता तुम्हाला एक विनवणी करतो. काही बिघडलं की पहिला संशय दुसऱ्यावर घेऊ नका. आधी स्वतःला विचारा, आपण काय बदललं? आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तूचा दिवा लागलाय का, तेवढं वाकून बघा.

आता मंडपात गर्दी झालीय. पाक ओका सगळ्यात पुढे बसलेत आणि मागच्यांना गप्प राहा म्हणून दटावतायत. पडद्यावर जकार्ताचा रंगमंच आहे, हिरवी वस्त्रं आहेत, सेकारिनी आणि अस्तिती समोरासमोर बसल्या आहेत. आजपर्यंत त्यांचं वाजणं माझ्यातून गेलं ते तुकड्या-तुकड्यांत, एक आला की पुढे ढकल, दुसरा आला की पुढे ढकल. कामाच्या घाईत आख्खी चाल मी कधी ऐकलीच नाही. आज ते काम नव्या कार्डाचं. मला आज काहीच पोचवायचं नाहीये.

अस्तितीनं हात उचललाय. बस, आता मला ऐकू द्या.